कलमांच्या गावातली कलमं

शेंदूरजनाघाटात 'कलम' म्हटलं की कुणाला कायदा आठवत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला, अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेला जवळजवळ खेटून असलेलं हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी लांबलांबच्या शेतकऱ्यांना माहीत आहे. जंबेरी लिंबाचं बी टाकायचं, रोप अंगाला आलं की त्याच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या नागपुरी झाडावरचा एक डोळा त्या चिरेत बसवायचा आणि पट्टीनं बांधून टाकायचं. डोळा धरला की जंबेरीचा शेंडा छाटतात. खाली मूळ जंबेरीचं, वर झाड संत्र्याचं. गाडीभर कलमा इथून निघतात आणि कुठल्या कुठल्या रानात जाऊन उभ्या राहतात.

मराठीनं या एका शब्दात तीन गोष्टी कोंबल्या आहेत, याचं मला नेहमी नवल वाटतं. लिहायचा बोरू तो कलम, लावायचं झाड ते कलम आणि कायद्याचा एकेक परिच्छेद तेही कलमच. शब्द मूळचा अरबीतला, फारसीच्या हातून आपल्याकडे आलेला. आज बोलायचंय ते तिसऱ्या कलमाबद्दल. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. लोकांच्या तोंडी 'आरटीई'. 'आरटीईत नंबर लागला' एवढ्याच वाक्यापुरता बहुतेकांना ठाऊक असलेला. मंजूर झाला तेव्हा यात अवघी ३८ कलमं होती, शिवाय एक अनुसूची. एका दुपारी वाचून होतो. आणि ती दुपार मला तरी एखादी चांगली कादंबरी हाती लागल्यासारखी गेली, कारण या कायद्याची रचना फार धूर्त आहे. धूर्त हा शब्द मी इथं कौतुकानं वापरतोय.

ती कळायला एक मूल सोबत घेऊ.

समजा नोव्हेंबर महिना आहे. आंबिया बहाराची तोडणी जोरात आहे, बगिच्यात कॅरेटांच्या रांगा लागल्या आहेत. मजुरांत एक कुटुंब मेळघाटातून आलंय, किंवा सीमेपलीकडून. दोन्ही दिशांनी लोक या कामाला येतात. त्यांच्यासोबत दहा वर्षांची एक पोट्टी आहे. घरी कोरकू बोलते. जन्माचा दाखला नाही. मधली दोन वर्षं शाळा सुटलेली. आधीच्या शाळेचा टीसी कुठंय ते आईला माहीत नाही. शाळा तर जूनअखेर उघडल्या (विदर्भात उन्हामुळे त्या बाकी राज्यापेक्षा उशिराच उघडतात), म्हणजे अर्धं सत्र उलटून गेलेलं.

कुठल्याही सरकारी कचेरीत एवढ्या 'नाही'वर माणूस दारातूनच परत येईल. बँकेत खातं उघडत नाही, रेशन मिळत नाही, मोबाइलचं सिमसुद्धा मिळत नाही. आता ही आई पोरीचा हात धरून गावातल्या पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते.

"बाई, जन्माचा दाखला हाय काय?"

"नाही जी."

"अंगणवाडीचा काही कागद?"

"नाही."

"पोरगी कितीची हाय मंग?"

"दहाची असन."

संपलं. कायद्याच्या नजरेतून हा पुरावा झाला. कलम १४ म्हणतं की वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही. राज्याचे नियम ११ ऑक्टोबर २०११ ला आले. जन्मनोंदीचा दाखला नसेल तर दवाखान्याची किंवा परिचारिकेची नोंद, ती नसेल तर अंगणवाडीची, आणि तीही नसेल तर आईबापांनी स्वतः लिहून दिलेलं वय, अशी त्यांतली उतरंड आहे. शेवटच्या पायरीवर फक्त आईचा शब्द उरतो आणि कायदा तो मानतो. जमिनीच्या सातबाऱ्यावर एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर दहा वर्षं चपला झिजवायला लावणाऱ्या आपल्या व्यवस्थेत ही ओळ कशी शिरली, याचंच आश्चर्य.

टीसीचं तेच. कलम ५ नुसार एका शाळेतून दुसरीत जाणाऱ्या मुलाला, मग ते राज्यातल्या राज्यात असो की राज्याबाहेर, बदलीचा हक्क आहे. आधीच्या मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा. दिला नाही, तर नव्या शाळेनं त्या कारणानं प्रवेश अडवायचा नाही की लांबवायचा नाही; उलट उशीर लावणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई. इथं कायद्यानं जुनी गाठ उलटी सोडवली आहे. एरवी कागद हरवला की ज्याचा हरवला त्याची चूक. इथं कागद हरवला तर ती मोठ्यांची चूक, मुलाची नाही.

नोव्हेंबरात प्रवेश कसा मागता? कलम १५. मुदत संपली म्हणून नाकारता येत नाही.

दोन वर्षं शाळा सुटली, मग आता तिला पहिलीत छोट्या पोरांत बसवायचं? नाही. कलम ४ म्हणतं, वयाला साजेशा वर्गात बसवा. दहाची आहे तर पाचवीच्या आसपास, आणि राहिलेलं भरून काढायला तिच्यासाठी वेगळं प्रशिक्षण द्या. दहा वर्षांच्या मुलीला सहा वर्षांच्यांत बसवलं की ती चौथ्या दिवशी बगिच्यात परत जाते, हे ज्यानं हे कलम लिहिलं त्याला नक्की माहीत होतं.

सगळ्यात लहान, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर ओळ आहे कलम ९ मधली. स्थानिक प्राधिकरणानं, म्हणजे जिल्हा परिषदेनं, नगर परिषदेनं, महापालिकेनं काय काय करायचं त्याची तिथं यादी आहे. त्यात मध्येच, दुसऱ्या कशाशी न जोडता, एक उपकलम: स्थलांतरित कुटुंबांतील बालकांच्या प्रवेशाची खात्री करणे. खात्री करणे. वाट पाहणे नव्हे. म्हणजे आईनं शाळेत यायची गरजच नाही. बगिच्यात कोणाची पोरं आलीत हे शोधत शाळेनं जायचं. आपल्याकडचे काही शिक्षक हे खरोखर करतात, वीटभट्ट्यांवर आणि ऊसतोडीच्या फडांवर जातात. राज्यानं 'शिक्षण हमी कार्ड' काढलं तेही यासाठीच, की मूल जिथं जाईल तिथं कार्ड दाखवून वर्गात बसावं.

हे सगळं वाचताना मला सारखी टेक्ससमधल्या टायलर गावाची आठवण येत होती. तिथल्या शाळांनी १९७० च्या दशकात कागदपत्रं नसलेल्या मेक्सिकन मजुरांच्या मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर मागायला सुरुवात केली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८२ मध्ये, पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या निकालानं, 'प्लायलर विरुद्ध डो' खटल्यात मुलांच्या बाजूनं लागलं. आईबाप सीमा ओलांडून आले त्याची शिक्षा मुलांना देता येणार नाही, हे त्याचं सार. एक न्यायाधीश इकडून तिकडे सरकला असता तर अमेरिकेला मिळाली नसती ती गोष्ट आपल्या कायद्यात कलम म्हणून लिहिलेली आहे. आणखी एक गंमत: अमेरिकेच्या संविधानात 'शिक्षण' हा शब्दच नाही. १९७३ मध्ये सॅन अँटोनिओच्या पालकांनी आपल्या गरीब वस्तीतल्या शाळांसाठी दाद मागितली, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की शिक्षण हा संघराज्याच्या संविधानानं दिलेला मूलभूत हक्क नाही. तिथं मुलाचा हक्क ज्या त्या राज्याच्या कायद्यावर लटकलेला असतो.

आपल्याकडेही फार काळ तो असाच लटकलेला होता. आणि वऱ्हाडाची तर त्यात वेगळीच तऱ्हा.

इथं 'सक्ती' या शब्दाची गोष्ट सांगायला हवी. कायद्याच्या नावातच तो आहे आणि बहुतेकांना वाटतं की ही सक्ती आईबापांवर आहे. शंभर वर्षांपूर्वी ती तशीच होती. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं निवेदन दिलं, त्यात किमान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी होती. ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अमलात आणली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये बाराव्या वर्षी दत्तक गेला तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. अठरा वर्षांनी, १८९३ मध्ये, त्यानं अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानात नेला. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तसंच विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोफत आणि सक्तीचं शिक्षण जाहीर केलं आणि पोर शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानं मुंबई इलाख्याचा कायदा आला. (त्याच वर्षी मिसिसिपीनं सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला, अमेरिकेतल्या तेव्हाच्या राज्यांत ते शेवटचं.) आणि १९२० मध्ये मध्य प्रांताचा कायदा झाला.

वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचं, कारभार इंग्रजांचा आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेलं. पुढं १९५६ पर्यंत नागपूर राजधानी, मग द्वैभाषिक मुंबई, मग १९६० मध्ये महाराष्ट्र. सरकारं बदलली, कायदे मात्र तिथल्या तिथं राहिले. त्यामुळे संयुक्त महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षणाला तीन वेगवेगळे कायदे होते: पश्चिम भागात १९४७ चा मुंबईचा, मराठवाड्यात १९५२ चा हैदराबादचा आणि विदर्भात १९५६ चा मध्य प्रदेशचा. एकाच राज्यात तीन खुंटांवरची झाडं. पुण्यातल्या मुलाचा कायदा वेगळा, वरूडच्या मुलाचा वेगळा, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

आता २००९ च्या कायद्यातलं कलम ८ उघडा. तिथं 'सक्तीचं शिक्षण' म्हणजे काय ते स्पष्टीकरणात दिलंय: सक्तीचं शिक्षण म्हणजे प्रत्येक मुलाला शिक्षण पुरवण्याचं आणि त्याचा प्रवेश, हजेरी व शिक्षणाची पूर्तता होईल हे पाहण्याचं सरकारवरचं बंधन. कलम १० मध्ये पालकांचं कर्तव्य सांगितलंय, पण तिथं दंड नाही. शाहू महाराजांच्या रुपयाचं नाणं इथं पालथं पडलंय. शब्द तोच, सक्ती. बोट मात्र बापाकडून सरकारकडं वळलं. शंभरेक वर्षांत एका शब्दानं मारलेली ही कोलांटी मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत नवलाची गोष्ट वाटते. जुन्या कायद्यांना दोष द्यायचा नाही. शाळा काढल्यावर पोरं येईनात, ही त्यांची अडचण खरी होती. पण दहा वर्षांची पोट्टी संत्री भरते ती बाप दुष्ट असतो म्हणून नव्हे, हे कळायला कायद्याला एवढा वेळ लागला.

आणि हा हक्क सहा ते चौदा वयाचा, तर वय चौदाच का? पंधरा का नाही, बारा का नाही?

याचं उत्तर २३ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेच्या कामकाजात सापडतं. एका सदस्याची सूचना होती की सरकारवरची जबाबदारी फक्त प्राथमिक शिक्षणापुरती ठेवावी. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. त्यांचा युक्तिवाद असा: याच संविधानात आपण चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात वा खाणीत कामाला लावण्यास बंदी करतोय. मग कामावर ठेवायचं नाही तर त्या वयापर्यंत ते मूल कुठंतरी शिकतच असायला हवं. म्हणजे चौदा हा आकडा शाळेच्या हिशेबातून आलेला नाही, कामाच्या हिशेबातून आलाय. शाळा हे मजुरीचं दुसरं टोक आहे, हे त्या एका उत्तरात आहे.

संविधानानं दहा वर्षांची मुदत घातली. मार्गदर्शक तत्त्वांत मुदत घातलेलं ते एकमेव कलम, ४५ वं. १९६० उलटलं, काही झालं नाही. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. डिसेंबर २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती होऊन २१-क हे कलम आलं. कायदा यायला २००९ उजाडलं आणि तो अमलात आला १ एप्रिल २०१० ला. दहा वर्षांचं वचन साठ वर्षांनी. आपल्याकडं मोसंबीचा भावसुद्धा इतका लांबत नाही.

तर आपली पोट्टी आता वर्गात आहे. आत तिला काय काय मिळायला हवं?

दुपारचं ताट. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं ते ताट कॅलरीत मोजून ठेवलंय: पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. २०१५ च्या नियमांनुसार धान्य नाही, इंधन नाही, स्वयंपाकी आली नाही म्हणून खिचडी शिजली नाही, तर त्या दिवसाचं धान्य आणि पैसे मुलाला द्यायचे. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस ताट आलं नाही, तर जबाबदारी निश्चित करायची. जगात फार थोड्या देशांत मुलाचं जेवण एवढ्या बारकाईनं कायद्यात लिहिलेलं असेल.

तास. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं झालंच पाहिजे, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास. ८०० तास ही एखाद्या मुलाच्या मालकीची वस्तू आहे, हे मला फार आवडतं. शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून दुसऱ्या कामाला जुंपू नका, हे कलम २७ म्हणतं ते या तासांसाठीच. त्या कलमाचं पुढं काय होतं ते कोणत्याही गुरुजींना विचारा. चहा होईस्तोवर यादी संपणार नाही.

छडी तर कधीचीच बाद आहे. कलम १७ शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळही मना करतं. म्हणजे 'तू संत्री तोडायच्याच लायकीची' हे वाक्यसुद्धा. कलम २९ म्हणतं, शक्य तितकं शिक्षण मातृभाषेतून व्हावं आणि मुलाला भीती, धसका, चिंता यांपासून मोकळं करावं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. तिचं नातं झारखंडातल्या संथालीशी. सातपुड्यातल्या या मुलीची भाषा शेजारच्या वरूडपेक्षा हजार किलोमीटर दूरच्या दुमक्याला जवळची. वर्गात ती गप्प बसते तेव्हा हे कुणाच्या ध्यानात येतं? 'शक्य तितकं' या दोन शब्दांनी इथं कायद्यानं स्वतःला पळवाट ठेवली आहे.

'मोफत'चा अर्थही पाहण्यासारखा. फक्त फी नाही असं नव्हे. जो कोणताही खर्च मुलाला शिक्षण पुरं करण्यापासून अडवेल तो त्याच्यावर पडायचा नाही. वकिलाला या एका ओळीत केवढं रान मोकळं आहे! आणि शाळा चालवणाऱ्या समितीत पंचाहत्तर टक्के पालक, एकूण सदस्यांत निम्म्या बायका असल्याच पाहिजेत. आपल्या पोट्टीची आई अंगठा देणारी असली तरी त्या समितीत बसू शकते.

राज्यानं स्वतःहूनही काही गमतीदार हक्क जोडले. जुलै २०१५ मध्ये शासन निर्णय निघाला की दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरलं की चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये, मुलांची झोप होत नाही म्हणून. झोपेचाही शासन निर्णय!

खाजगी शाळांच्या २५ टक्के जागा हा भाग वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलेला आहे, म्हणून थोडक्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना या जागा सोडतीनं मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यानं नियम बदलला: किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्दच केला. केंद्राच्या कायद्यानं दिलेला हक्क राज्याला आपल्या नियमानं कापता येत नाही. शेंदूरजनाघाटच्या कुठल्याही रोपवाटिकेत हे वेगळ्या शब्दांत सांगतील: डोळा बसला की मग जंबेरीचा फोक वाढू द्यायचा नसतो.

आता खटकणारी गोष्ट. कायदा मुलाकडं कागद मागत नाही हे खरं. पण शाळेकडं व्यवस्था तो मागते. शिक्षकांची पदं किती, हे संचमान्यतेत ठरतं, आणि तिथं आधार जुळलेली मुलंच धरायची पद्धत आली. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये सांगितलं होतं की शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही. मुख्याध्यापक काही वाईट माणूस नसतो. पण बिनआधारची पोट्टी त्याच्या वर्गात असते आणि मोजणीत नसते, तेव्हा तिला घेण्यात त्याला कष्ट आहेत आणि पदाच्या हिशेबात फायदा शून्य. दार कायद्यानं उघडं ठेवलं आणि उंबरा कुणीतरी दुसऱ्यानं वाढवला.

नाकारलंच तर? कलम ३२: स्थानिक प्राधिकरणाकडं लेखी तक्रार. तीन महिन्यांत निर्णय. तो पटला नाही तर राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील. तीन महिने वाचायला बरे वाटतात, पण तोडणीला आलेलं कुटुंब तोवर पुढच्या गावाला गेलेलं असू शकतं. इथं हा धूर्त कायदा मला थोडा भाबडा वाटतो. त्याला मुलं चालताना दिसली, पण तक्रार मात्र एका जागी बसलेल्या माणसाचीच धरली.

नाव टाकलं की ते दाखल-खारीज रजिस्टरात चढतं. लांबलचक, कापडी पाठीचं, ओळीओळीला क्रमांक असलेलं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या शाळांची हीच रजिस्टरं कपाटांतून बाहेर निघाली. शंभर वर्षांपूर्वीच्या मास्तरानं टाकानं लिहिलेला एक शब्द आज पणतूच्या हातात पुरावा होतो. आज आपल्या पोट्टीचं नाव लिहिताना त्यात आईचं नावही येईल. १ मे २०१४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आधी स्वतःचं, मग आईचं, मग बापाचं, असा नियम राज्यानं २०२४ मध्ये केलाय. जिच्या तोंडच्या 'दहाची असन'वर प्रवेश झाला, तिचं नाव तिथं असणार.

राहता राहिला चौदाचा आकडा. दहाव्या वर्षी पाचवीच्या आसपास बसलेली, दोन वर्षं मागं राहिलेली ही मुलगी. राज्यानं २०२३ पासून पाचवी आणि आठवीला परीक्षा आणली आहे. नापास झाली तर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. मध्ये तोडणीचे हंगाम, मध्ये गावं. चौदावं सरेल तेव्हा ती कदाचित सातवीत असेल. हक्क सहा ते चौदाचा. मग वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तिला फी मागायची?

कलम ४ च्या शेवटी एक परंतुक आहे, घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटणारं. अशा उशिरा बसवलेल्या मुलाला प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत मोफत शिकायचा हक्क राहील, चौदा वर्षं उलटली तरी. आंबेडकरांपासून सगळ्यांनी धरून ठेवलेला आकडा कायद्यानं या एका मुलीसाठी सोडून दिलाय. ती पंधराव्या वर्षी आठवीला बसो, सोळाव्या वर्षी बसो. मार्चमध्ये मृग बहार आटोपला की कुटुंब निघेल, तेव्हा मुख्याध्यापक रजिस्टरात 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात 'स्थलांतर' लिहितील आणि दाखला फाडून तिच्या हातात देतील. हरवला तरी चालेल.